उपरण्याखाली दिलेला शब्द

गेनूअप्पा गेल्याचं मला कळलं तेव्हा पातेल्यातलं दूध वर आलं होतं. बाजाराचा दिवस, सकाळची वेळ, टपरीपुढं गिऱ्हाइकांची गर्दी. वरच्या आळीचा एकजण बैलाचा कासरा हातात धरूनच आला, म्हणाला, "अप्पा गेलं पहाटं," आणि त्याच दमात, "दोन च्या टाक, एक कमी साखरंचा." मी पातेलं उतरवलं आणि विचारलं, कशानं? "ऊन लागलं म्हनत्यात. वयबी झालं हुतं," असं म्हणून तो बैलाच्या पाठीवर थाप मारत गिऱ्हाइकाशी बोलायला लागलाही... ऊन लागलं! ऊन काय अप्पांना नवीन होतं? त्यांचा उभा जन्म या बाजारतळावर गेला. पण तेव्हा तळाच्या कडेला सावली होती. ती सावली कुणी खाल्ली ते सगळ्या गावाला ठाऊक आहे, आणि सगळं गाव म्हणतं, ऊन लागलं.

आमचं गाव बाभूळओढा. काष्टीचा बाजार मोठा, आमचा लहान, पण जनावरांचा. ओढ्याच्या काठानं बाभळींचं बन होतं आणि त्याच्या सावलीत बैल उभे करायचे, अशी जुनी रीत. आता बाभळी नाहीत, ओढ्याला पाणी नाही, नाव तेवढं एस.टी.च्या पाटीवर राहिलंय. गेनूअप्पा या बाजारातले हेडे, म्हणजे जनावरांचे दलाल. हेड्याच्या जिभेला हाड नसतं असं गावात म्हणतात, आणि अप्पाही म्हाताऱ्या बैलाला खुशाल "कालपरवापतुर गोऱ्हा हुता" म्हणून सांगायचे. पण ते तोंडानं. खरा सौदा तोंडानं होत नाही. दलाल आपलं उपरणं दोघांच्या हातांवर टाकतो, त्याखाली बोटं दाबून किंमत सांगतो, समोरचाही बोटं दाबूनच कमी-जास्त करतो. तोंडानं चाललेलं असतं ते हवापाण्याचं. भोवती माणसं उभी असतात, भाव कुणाला कळत नाही. आणि एकदा "झालं" म्हणून हात झटकला की झालं. त्या शब्दावरून मागं फिरलेला माणूस मी तरी तिथं बघितला नव्हता.

मी कोकणातली. सातवीत शाळा सुटली, लग्न झालं, मालक ट्रकवर ड्रायव्हर म्हणून इकडं आले. ते तापानं गेले तेव्हा मला ना इथलं कुणी होतं, ना तिकडं कुणी बोलवत होतं. टपरी टाकायला जागा मागायला गेले तर ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच, "परगावची बाई, आज हाय उद्या न्हाई." अप्पांनी मला बनातल्या सगळ्यात थोर बाभळीखाली नेलं, काठीनं जमिनीवर चौकोन ओढला आणि तिथल्या माणसांना म्हणाले, "हितं आमच्या पोरीचं च्याचं दुकान. कुनाची हरकत असंल तर आत्ताच बोला, मागनं कुजबुजू नका." कुणी बोललं नाही. त्या चौकोनात मी आजवर जगले. अप्पांचे उपकार फेडायचे म्हटलं तर चहानं फिटणारे नाहीत, हे मला माहीत आहे. त्यांचा स्वतःचा चहासुद्धा ते फुकट पीत नसत. म्हणायचे, "फुकटाचा च्या पिला की मानूस गिळतो, चव घेत न्हाई."

मग दुष्काळ आला. एक साल नाही, लागोपाठ. आणि गावानं कुऱ्हाड काढली. खरं सांगायचं तर प्रत्येकाकडं कारण होतं. मेंढरांना पाला पाहिजे होता. वामनशेठच्या वीटभट्टीला जळण पाहिजे होतं. दुष्काळी कामावर रस्ता चालला होता, त्याचं डांबर वितळवायला लाकूड पाहिजे. सप्त्याच्या पंगतीला लाकूड पाहिजे. शाळेचं छप्पर बसलं, त्याला वासे पाहिजेत. देवाचं नाव, मुलांचं नाव, पोटाचं नाव... बाभळीचं नाव घेणारं कुणी नाही. आमच्या कोकणात झाड पडलं तर त्याच्या जागी चार वर्षांत दुसरं उभं राहतं, पाऊसच तेवढा. इथं एक बाभूळ व्हायला बापाचं आयुष्य लागतं आणि तोडायला एक सकाळ. हे मला, परगावच्या बाईला, दिसत होतं. या मातीत जन्मलेल्यांना दिसत नव्हतं असं मी मानणार नाही. दिसत होतं.

अप्पांना एक विचार सुचला. हेड्यालाच सुचावा असा. ते म्हणाले, "उघड्यावर सांगितलं तर मानूस गावाच्या भीडंनं हो म्हनतो आन करत न्हाई. कापडाखाली खरं बोलतो." मग खांद्यावर उपरणं टाकून ते निघाले. सरपंचांकडं गेले, वामनशेठकडं गेले, हेडमास्तरांकडं, सप्त्याच्या मंडळींकडं, मेंढरं घेऊन उतरलेल्या धनगरांकडं, कामावरच्या मुकादमाकडं. काही बोलणी माझ्या टपरीवरच झाली, म्हणून मला माहीत. सरपंच बाकावर बसलेले, अप्पांनी त्यांच्या हातावर उपरणं टाकलं. सरपंच हसले, "अप्पा, बैल कुठंय?"

"बैल न्हाई सरपंच, बाभळी. काठावरच्या किती राखता, बोटानं सांगा. तोंडानं काय बी बोलू नका."

"आन बदल्यात काय देतोस?"

"उद्या तुमच्या नातवाचा बैल सावलीला उभा ऱ्हाईल. ह्यापक्षी हेड्याजवळ काय असतंय?"

बराच वेळ उपरण्याखाली हालचाल झाली. दोघं पावसाबद्दल बोलत होते, जो नव्हताच त्या पावसाबद्दल. मग अप्पांनी हात झटकला आणि म्हणाले, "झालं." त्यांचा चेहरा असा उजळला होता, जसा एखाद्या गरिबाला चांगली बैलजोडी मिळवून दिल्यावर उजळायचा. मी नंतर विचारलं, किती दिल्या सरपंचांनी? तर माझ्यावर डोळे वटारले, "उपरन्याखालचं इचारायचं न्हाई पोरी. बाजार मोडंल." माझ्या चुलीकडं वाकून बघितलं आणि विचारलं, "आन तुज्या चुलीत काय जळतंय?" बाभूळच जळत होती. दुसरं काय जळणार? त्यांनी माझा हात धरला नाही, बाईचा हात उपरण्याखाली कोण धरतो? फक्त बाजारतळावर पडलेल्या शेणाकडं बोट दाखवलं. तेव्हापासून बाजार उठला की मी शेण गोळा करते, गवऱ्या थापते. चहाला धुराचा वास येतो म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरतात. येऊ दे.

एकटा मारुती तेवढा नाही म्हणाला. तो रोजावर लाकूड तोडायचा. अप्पांनी उपरणं पुढं केलं तर त्यानं हात मागं घेतले. "खोटं बोट द्याचं न्हाई अप्पा. मालक म्हनला तोड, की म्या तोडनार. पोरं हायती." अप्पा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "एका आळीनं राखलं आन दुसरीनं तोडलं, तर राखनाराच येडा ठरतो. सगळ्यांनी मिळून राखलं तरच ऱ्हातंय बाबा." हेच वाक्य ते सगळीकडं सांगत फिरले. साहेबाला, भटजीला, मास्तराला, मुकादमाला. मला तर वाटतं, इतक्या तऱ्हांची माणसं कुणा पुढाऱ्यानंही एका कामासाठी गाठली नसतील. आणि एक मारुती सोडला तर सगळ्यांनी हात दिला. सगळ्यांनी बोटं दाबली. त्या उन्हाळ्याच्या तोंडाला अप्पा मला म्हणाले, "सौदा झाला पोरी. बन वाचलं."

पुढच्याच बाजाराला वामनशेठची गाडी ओढ्यात उतरली. कुऱ्हाडीचा आवाज आला तेव्हा अप्पा कुणाच्या तरी बैलाचे दात बघत होते. ते तसेच धावले. वयाला न शोभेल असे धावले. मी हातातला झारा घेऊनच मागं गेले.

"शेठ, शब्द दिल्ता तुमी मला!"

वामनशेठ गाडीच्या जुवावर हात ठेवून उभे. शांत. "कसला शब्द अप्पा?"

"उपरन्याखाली. टपरीच्या मागं. बोटं दाबली न्हाई का तुमी?"

"कुनी बघितलं?" वामनशेठ म्हणाले. मग भोवतीच्या माणसांकडं वळून, "बघितलं का रं कुनी? अप्पा, साक्षीदार आन, मग बोल."

आणि बाजार हसला. सगळा बाजार. ज्यांनी स्वतः उपरण्याखाली बोटं दिली होती ते तर जास्त मोठ्यानं हसले, कारण त्या घटकेला प्रत्येकाला कळलं, आपणही सुटलो. उद्या आपणही म्हणू शकतो, कुणी बघितलं? मला तो हशा अजून ऐकू येतो आणि अजून अंगाची लाही होते. बैलाच्या सौद्यात शब्द पाळतात, कारण पुढच्या आठवड्याला दुसरा बैल घेऊन त्याच बाजारात यायचं असतं. बाभूळ काय, एकदाच विकली जाते. तिच्या सौद्याला पुढचा बाजार नसतो. अप्पांना हे कळलं नव्हतं. त्यांना वाटलं, माणूस तोच, मग शब्दही तोच असणार.

नंतर कुणालाच धरबंध राहिला नाही. वामनशेठनं नेली म्हणून सरपंचांच्या भावकीनं नेली, त्यांनी नेली म्हणून सप्त्यानं नेली. माझ्या टपरीवरची थोर बाभूळसुद्धा एका बाजाराला मी शेण आणायला गेले तेवढ्यात आडवी झाली. तिच्या बुंध्यावर अप्पा बसायला लागले. सौदे सोडले. डोक्यावर ऊन, आणि समोर उघड्यावर तापलेली जनावरं जीभ काढून उभी. मी म्हणायची, अप्पा, टपरीत या, छपराखाली बसा. तर म्हणायचे, "बैल बाहेर हाय, म्या आत कशापायी?" शेवटचं बोलणं झालं तेही तिथंच. खांद्यावरचं उपरणं काढून माझ्या हातात दिलं. म्हणाले, "माझं चुकलं पोरी. कापड टाकायलाच नको हुतं. असला शब्द उघड्यावर घ्याचा असतो, चार लोकांत, बोंब मारून." मी विचारलं, आता तरी सांगा, कुणी किती कबूल केल्या होत्या? ते हसले... "उपरन्याखालचं इचारायचं न्हाई." असा माणूस! सगळ्यांनी मोडलेला बाजार शेवटपर्यंत एकट्यानं पाळत बसलेला.

तेराव्याला गावानं शोकसभा घेतली. बाजारतळावर. सावली नाही म्हणून मंडप घातला. मंडप! आणि एकेकजण उठून बोलायला लागला. सरपंच म्हणाले, अप्पांना मी सबंध काठ राखायचा शब्द दिला होता, पण परिस्थिती. सप्त्याची मंडळी म्हणाली, आम्ही निम्मं बन सोडलं होतं. वामनशेठ डोळे पुसत म्हणाले, मी तर पहिला हात दिला. त्या दिवशी गावानं कबूल केलेल्या बाभळी एका रांगेत उभ्या केल्या असत्या तर इथून नगरपर्यंत सावली पडली असती. मी मागं उभी होते. मला सभेत बोलता येत नाही. पण तोंडातून निघून गेलं, "ह्या मांडवाचे खांब कशाचे आहेत?"

सगळ्यांनी वर बघितलं. खांबांची साल अजून ओली होती. बाभळीचे.

"आता तोंडानं बोललात," मी म्हटलं, "उपरणं नाही, भोवती सगळं गाव आहे. आता 'कुणी बघितलं?' म्हणू नका." कुणीतरी पुटपुटलं, "कोकणीन लई बोलाया लागली." सरपंच सावरून म्हणाले, "पाऊस पडू द्या बाई. समदे मिळून लावू."

पाऊस पडला. यंदा चांगला पडला. कुणी आलं नाही. हेडमास्तरांनी मुलांना झाडांवर निबंध घातला म्हणे. वामनशेठनी टपरीवर येऊन सहज सांगितलं की ही जागा कुणाच्या नावावर आहे ते बघावं लागेल. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू? हे छापून आल्यावर माझा चौकोन राहतो की जातो, देव जाणे. पण अप्पांनी सांगितलंय, उघड्यावर, बोंब मारून. मला बोंब मारता येत नाही, लिहिता येतं, तेही मोडकंतोडकं. म्हणून हे वर्तमानपत्राच्या पुरवणीला पाठवलं. छापलेलं कुणी उपरण्याखाली झाकू शकत नाही. आणि वाचणाऱ्यांनो, तुम्ही भट्टीवाले असा, साहेब असा, मास्तर असा, नाहीतर माझ्यासारखे चूल पेटवणारे असा, आमच्या गावाला हसू नका. तुमच्या गावातही कुणीतरी असंच हात पुढं करून उभा असेल. त्याला चार लोकांत उत्तर द्या.

एकटा मारुती आला. ज्यानं बोट दिलं नव्हतं तो. त्यानं थोर बाभळीच्या बुंध्याजवळ खड्डा घेतला, बाभळीचं रोप लावलं, शेरडांनी खाऊ नये म्हणून भोवती काट्यांचं कुंपण केलं. मी चार काठ्या रोवल्या आणि अप्पांचं उपरणं वर ताणून बांधलं. मारुती हसला, "बाई, बाभळीला कसली सावली लागतीया? कोकनातलं डोकं तुमचं." मी म्हटलं, सावलीसाठी नाही रे, लांबून दिसावं म्हणून. आता बाजाराच्या दिवशी हेडे त्याच्या जवळून जाताना मान दुसरीकडं वळवतात, वामनशेठही वळवतात. वारं आलं की उपरणं फुगतं, पूर्वी त्याखाली दोन हात बोलत असताना फुगायचं तसंच. त्याच्याखाली आता काय आहे, ते ज्याला बघायचं असेल त्यानं खुशाल वाकून बघावं.