ड्रम आत, मी बाहेर

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी आयुष्यातला पहिला ड्रमसेट घेतला. वस्तू उत्तम होती, माप अचूक होते आणि चूक माझी होती.

वर्तमानपत्रात तीस वर्षे इतरांच्या चुका काढून निवृत्त झाल्यावर ड्रम शिकायचे मी ठरवले. घरातून विरोध झाला असे म्हणता येणार नाही. अटी घालण्यात आल्या. माझी पत्नी सुनीता म्हणाली, "अडगळीची खोली घ्या. पण दार बंद करून वाजवायचं. दार लागलं नाही, तर ड्रम त्याच दिवशी विलासच्या गाडीतून श्रीगोंद्याला. आणि माझे कुरडयांचे डबे परत खोलीत!"

विलास हा तिचा धाकटा भाऊ. श्रीगोंद्यातला ऊस आणि पिकअप, दोन्ही त्याचेच.

सावेडीतल्या आमच्या फ्लॅटमधली ती खोली सहा फूट बाय साडेचार. दार बाहेर उघडते. (नोंद केली.)

विलासला घेऊन दुकानात गेलो. दुकानदार रफिकभाई भला माणूस. "साहेब, नवीन आहात. चार ड्रमचा सेट बास होतो."

"पाचच."

"मग एकदा बसून तरी बघा."

"नको. मला फक्त मापं घ्यायची आहेत."

बातमी देणाऱ्याने बातमीत स्वतः यायचे नसते, ही शिस्त माझ्या हाडात भिनलेली! विलासला असली काही शिस्त नव्हती. तो सरळ स्टुलावर बसला आणि त्याने वरातीतला ठेका धरला.

"दाजी, लई भारी हाय! बसा की तुमी!"

मी त्याला उठवले. तो बसल्यामुळे टेप सरळ लागत नव्हती.

घरी येऊन प्रत्येक ड्रमच्या मापाचा कागद जुन्या अंकांतून कापला. भिंतीशी सर्वांत मोठा बास ड्रम, त्याच्यावर दोन छोटे, बाजूला जमिनीवर उभा राहणारा फ्लोअर टॉम, दाराशी स्नेअर हा चपटा ड्रम, कोपऱ्यांत झांजा. स्टूल घडीचे असल्याने वगळले. सगळे मांडून चार बोटे जागा उरली.

सुनीताने कंबरेवर हात ठेवून बराच वेळ पाहिले. "काहीतरी राहिलंय."

"यादी दोनदा तपासली आहे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी विलासच्या पिकअपमधून सेट आला. तीन मजले चढवला. मांडणी नकाशाप्रमाणे झाली. श्वास रोखून मी दार लोटले. लागले! आत चार बोटे जागा उरली, तीही नकाशाप्रमाणे.

"झालं?" सुनीता म्हणाली.

"झालं."

"मंग वाजवा की, दाजी!"

माझ्या हातात काठ्या होत्या. काखेत स्टूल होते. सगळे ड्रम आत होते आणि मी बाहेर होतो.

सुनीताने शांतपणे विचारले, "विलास, गाडीची चावी कुठंय?"

"चावीला कोणी हात लावायचा नाही!" मी म्हणालो. स्टूल भिंतीला टेकवले, पोट आत घेतले आणि आडवा होऊन स्नेअर आणि दार यांच्यामध्ये शिरलो. विलासने खांद्याने दार रेटले आणि ते पुन्हा उघडू नये म्हणून बाहेरून कडी लावली. दार लागले. अट पूर्ण झाली! फक्त माझे दोन्ही हात वर राहिले होते आणि ते खाली येत नव्हते. या अवस्थेत शरण जाता येते, ड्रम वाजवता येत नाही.

"उघड!" मी ओरडलो. पण तोंडासमोर झांज होती, आवाज तिच्यातच विरला. मोकळा होता फक्त उजवा पाय, आणि तो नेमका बास ड्रमच्या पेडलवर. मी मदतीसाठी पाय आपटला. धम्म!

"ताई, बसला बग दाजींचा हात!"

मी जोरात आपटला. धम्म, धम्म! बाहेर दोघांनी टाळ्यांचा ठेका धरला. जीव कासावीस झाला तसा माझा वेग वाढला. तसा त्यांचाही वाढला! तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या.

"काय गं, कोण वाजवतंय?"

"आमचे हे शिकतायत."

"पहिल्याच दिवशी? बाई, किती जीव ओतून वाजवतात!"

(आजवर मिळालेले हे माझे एकमेव कौतुक.)

शेवटी पायाला गोळा आला, ठेका तुटला, म्हणून विलासने कडी उघडली.

"विलास, ने सेट," सुनीता म्हणेल असे वाटले होते. पण तिने हॉलमध्ये जुन्या अंकांची दोन पाने चिकटवून अंथरली. "स्टूल ठेवा. बसा. आता कोपर हलवा." आणि माझ्याभोवती पेन्सिल फिरवून तिने कागद कापला.

तो खोलीत बसवण्यासाठी फ्लोअर टॉम, एक छोटा ड्रम आणि एक झांज बाहेर काढावी लागली. म्हणजे चारही नव्हे, तीनच ड्रम उरले! "ज्वारीतली पाखरं हाकलायला बरा हाय," म्हणत विलास फ्लोअर टॉमसह बाहेर काढलेले सगळेच श्रीगोंद्याला घेऊन गेला. मी रोज सकाळी दार बंद करून तासभर वाजवतो.

ते कागद सुनीताने जपून ठेवले आहेत, मापाप्रमाणे एकावर एक. माझ्या कागदाखाली बास ड्रमचा कागद पुरता झाकला जातो.

"सेटमधला सगळ्यात मोठा ड्रम मोजायचाच राहिला होता," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. ही दुरुस्ती मी विनाअट छापत आहे.