उपासांची अदलाबदल

आमच्या चाळीतून फॉरेनला जाणारी मी पहिलीच. शेजारच्या वहिनींनी तर "येताना टू-इन-वन रेडिओ-टेप आण गं" असं सांगूनही टाकलं. नेपाळच्या तराईत (हिमालयाच्या पायथ्याचा सपाट मुलूख) पूर आला होता आणि आमचं मदतपथक निघालं होतं. मी डोंबिवलीजवळच्या मानपाड्याच्या एका दवाखान्यात नर्स. बरोबर एक तरुण डॉक्टर, स्वयंपाकाला बाळकुमची हिरूबाई कोळीण आणि सामान उचलायला चार-पाच स्वयंसेवक. कल्याणहून गाडी सुटली तेव्हा आमच्याजवळ सलाइनपेक्षा साबुदाणा आणि शेंगदाणेच जास्त होते. डोंबिवलीकरांनी मदत म्हणून तेच उदंड दिलं होतं.

बिहारच्या टोकाला रक्सौलला उतरून टांग्यानं सीमा ओलांडली. पासपोर्ट नाही, शिक्का नाही. टांगेवाला "आ गया नेपाल" म्हणाला म्हणून परदेश. माझी जरा निराशाच झाली. तिथून ट्रकनं नदीच्या बांधापर्यंत गेलो. दोन्हीकडे पिवळं पाणी, त्यातून डोकावणारी छपरं आणि बांधाच्या अरुंद माथ्यावर अख्खं गाव: खाटा, चुली, शेळ्या, म्हातारी माणसं. कोणी रडत नव्हतं, बोलतही नव्हतं.

मग कामाला लागलो. सकाळी पाणी उकळायचं, त्यात मीठ-साखर घालून वाटायचं, जखमा धुवायच्या, दुपारी डाळ-भात वाढायचा. एका शेळीनं माझं बँडेजचं बंडल खाल्लं, चिखलानं चप्पल गिळली. पण जीव गुंतला तो सुनैनामध्ये. विशीतली पोर, जुलाबांनी पार सुकलेली. पुरात म्हशी सोडवायला गेलेला तिचा नवरा परतला नव्हता. मी चमच्यानं पाणी पाजत होते आणि ती हळूहळू सावरत होती.

एका सकाळी तिनं तोंडच मिटून घेतलं.

"आज तीज बा, दीदी. पानी ना पियब." (आज तीज आहे, पाणी पिणार नाही.)

तीज म्हणजे आपली हरतालिका. पण तिथली कडक निर्जळी. नवरा सापडत नाही आणि मी पाणी कसं पिऊ, असं तिचं म्हणणं. मी समजावलं, दटावलं, हात जोडले. सलाइन संपलं होतं, औषधांचा ट्रक आला नव्हता. डॉक्टरनं मला बाजूला घेतलं. "सिस्टर, संध्याकाळपर्यंत पाणी गेलं नाही तर ही हातची जाईल."

इकडे हिरूबाईला हरतालिका असल्याचं कळलं होतं. बायकांची सोय म्हणून तिनं बटाटा-शेंगदाणे घालून पातेलंभर साबुदाण्याची खिचडी केली आणि मोठ्या मानानं समोर आणून ठेवली. बायका बघतच राहिल्या. उपासाला हे खायचं?

"तर! उपास हाय म्हनून काय उपाशी रवाचा?" हिरूबाई म्हणाली.

मी हिंदीत सांगितलं. "और पानी?" एकीनं विचारलं.

"पानी, च्या, सगला चालतो."

आधी एक हसली, मग सगळ्याच. पोटभर जेवून उपास करणाऱ्या बायका त्यांनी जन्मात पाहिल्या नव्हत्या. त्या बांधावर मी पहिल्यांदाच हसणं ऐकत होते. सुनैनाचेही फुटलेले ओठ हलले. तिनं क्षीण आवाजात विचारलं, "ऐसे उपास से आपके यहाँ मरद जिंदा रहते हैं?"

"माजा बग ना," हिरूबाई म्हणाली, "धडधाकट हाय. रोज भांडतो."

मला एकदम सुचलं. म्हटलं, "आज तू आमचा उपास कर. तुझा मी करते."

सुनैनानं एका म्हातारीकडे पाहिलं. म्हातारीनं जरा विचार करून मान डोलावली.

"एक बूंद भी नहीं?" सुनैनानं मला बजावलं.

"एक बूंद भी नहीं."

मग ती प्यायली. मी भांडं धरून होते.

घरी मी हरतालिका करते ती निव्वळ खिचडीच्या आवडीनं. त्या दिवशी मात्र भर उन्हात अख्ख्या गावाला पाणी वाटत फिरले आणि जीभ टाळूला चिकटली. सुनैनाची नजर माझ्यावर होती. उन्हं उतरता उतरता ती हिरूबाईच्या खांद्याला धरून उठली, आडोशाला गेली आणि हिरूबाईची आरोळी बांधभर घुमली, "मुतली गो बाय, पोर मुतली!" "पाणी अंगी लागलं, वाचली!" डॉक्टर म्हणाला. मला रडू फुटलं. इतकी सुंदर बातमी मी आयुष्यात ऐकली नव्हती.

आम्ही निघायच्या आदल्या दिवशी तिचा नवराही बांधावरून चालत आला, एक म्हैस हाकत. लांबच्या कुठल्याशा छावणीत अडकून पडला होता. सुनैनानं पदर ओढून घेतला आणि त्याला माझ्या पाया पडायला लावलं. तो बिचारा गोंधळला, तरी पडला.

रक्सौलच्या एसटीडी बूथवरून मी घरी फोन केला. घाईत एवढंच सांगितलं की हरतालिकेला निर्जळी उपास केला, बाकी आल्यावर. त्यामुळे कल्याणला आमचे हे भलतेच खुशीत उभे होते.

"माझ्यासाठी एवढा कडक उपास केलास?"

"तुमच्यासाठी नाही हो. दुसरीच्या नवऱ्यासाठी."

सगळी हकीकत ऐकून ते खूप हसले. मग जरा रुसल्यासारखे म्हणाले, "लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्यासाठी कधी पाणी सोडलं नाहीस."

"तुम्ही आधी हरवा तरी!"

बोलून गेले आणि माझ्याच काळजात चर्र झालं. आयुष्यात कधी केलं नव्हतं ते मी केलं. भर कल्याण स्टेशनवर, सगळ्यांदेखत, त्यांचा हात घट्ट धरला आणि रिक्षात बसेपर्यंत सोडला नाही.