नागाप्पा गुळव्याचं आदण

आमच्याकडं कुणी ‘थंड’ म्हणालं, की अर्थ म्हणणाऱ्याच्या तोंडाकडं बघून लावावा लागतो. बाजार थंड, म्हणजे गिऱ्हाईक नाही. कुस्ती थंड, म्हणजे लोक मधूनच उठले. म्हातारा थंड झाला, म्हणजे लाकडं गोळा करा. आणि नागाप्पा थंड, असं म्हणताना माणसं थुंकायची.

नागाप्पा कसबा बावड्याकडचा गुळव्या. उसाचा रस काहिलीत आटवून गूळ करणं हे त्याचं काम. एकावन्न-बावन्नच्या सुमारास तो हंबीररावाच्या गुऱ्हाळावर होता. काहिलीखालच्या चुलवाणात चिपाडं सारायला त्याचा मेहुणा गुंडू. हंबीररावाचा हात लगेच सुटायचा. बैल अडला तर बैलावर, माणूस अडला तर माणसावर. एकदा त्यानं गुंडूला अशी लगावली, की कानातनं रक्त आलं. नागाप्पा रसावरची मळी काढत राहिला. काहिलीतला रस, म्हणजे आदण, उकळत असताना गुळव्या जागचा हलत नाही.

घरी बायकोनं, शांतव्वानं भाकरी आदळली.

“तुमच्या अंगात रगत हाय का आंबील? भाऊ हाय त्यो माझा.”

“आदण बुडाशी लागलं असतं,” नागाप्पा म्हणाला.

“लागू द्यायचं हुतं की.”

पुढं पौषातल्या एका संध्याकाळी चिपाडं दवानं भिजली होती. जाळ मंदावला, धूरच जास्त. हंबीरराव चुलवाणात उतरला. गुंडूच्या पाठीत लाथ घातली, पडलेल्याला केसांना धरून उचललं आणि त्याचं तोंड चुलवाणाच्या तोंडाशी नेलं.

“जाळ दिसत न्हाय व्हय तुला? जवळनं बघ.”

गुंडूच्या भुवया जळाल्या. मागं रेटायला त्यानं तापल्या दगडावर हात टेकले, ते तिथंच चिकटले. घाण्यावरची माणसं उभी होती.

“मालक, मरंल त्यो,” एकजण म्हणाला.

“मरू दे.”

वर पाक होत आला होता. आणखी दोन उकळ्या, की काहील उतरायची. नागाप्पानं झारा खाली ठेवला. शेजारच्या टाकीतला कच्चा, गारढोण रस घागरीनं उपसला आणि काहिलीत ओतला. दुसरी घागर ओतली. तिसरी. आदणाचा खदखदाट बसला. त्याचा गूळ आता धरणार नव्हता.

आवाज थांबला तसा हंबीररावाच्या मुठीतले केस सुटले. तो वर आला. पाकानं माखलेला तोच झारा त्यानं उचलला. पहिला घाव उजव्या मनगटावर बसला, हाड वाजलं. दुसरा खांद्यावर, तिसरा डोक्यात. कढत पाक कातड्याला चिकटायचा आणि झाऱ्याबरोबर कातडं घेऊन निघायचा. नागाप्पानं हात उचलला नाही. खाली वाकून एवढंच म्हणाला, “गुंडू, घरला जा.”

गुंडू गेला. जगला.

आदण नासवणाऱ्या गुळव्याला पुन्हा कुणी बोलावलं नाही. मनगट वाकडंच जुळलं. तो म्हसरं राखू लागला. कुणी म्हणालं, थंड डोक्यानं मालकाचं नुकसान केलं. कुणी म्हणालं, थंडच त्यो, मार खाऊन गप बसला. शांतव्वा ऐकायची आणि त्याच्या पानात भाकरी चुरायची; डाव्या हातानं त्याला तुकडा मोडत नसे.

दुसऱ्या गुऱ्हाळावर गेलेला गुंडू दर हंगामाला गुळाचा पहिला खडा घेऊन यायचा. हातांचे तळवे गुळगुळीत, रेषा नसलेले.

“बघा, दाजी.”

नागाप्पा खडा जिभेवर ठेवून डोळे मिटायचा.

“जाळ कमी पडला की रं.”

“पडू दे,” शांतव्वा आतनं म्हणायची.