तिसरी सीडी

पोलादपूरच्या एका शाळेत मी संगणकाची बाई म्हणून लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. तापट होते, आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी ठाम समजूत होती. महाडहून सकाळच्या एस.टी.ने जायचं आणि संध्याकाळी त्याच रस्त्याने परत यायचं. शाळेला जोडून बारावीपर्यंतचे वर्ग होते, आणि बारावीला संगणक हा विषय त्या वर्षी पहिल्यांदाच परीक्षेला होता. मुलं बत्तीस. त्यांचं प्रात्यक्षिक फेब्रुवारीतल्या एका बुधवारी दुपारी दोनला ठरलं होतं. परीक्षक अलिबागकडून येणार होते, आणि त्या दिवशी प्रात्यक्षिक झालं नाही तर पुन्हा तारीख मिळणार नाही असं पत्रातच लिहून आलं होतं.

आमचा संगणकाचा वर्ग म्हणजे जुन्या चित्रकलेच्या खोलीत मांडलेली अकरा यंत्रं. त्यातल्या दहांच्या पोटात हार्ड डिस्कच नव्हती. कोपऱ्यातलं अकरावं म्हणजे सर्व्हर. तो सुरू झाला की त्याच्या जोरावर बाकीची दहा सुरू व्हायची, तो पडला की सगळी पडायची. कमी खर्चात वर्ग उभा करण्याची ही युक्ती महाडच्या एका क्लासवाल्या सरांची. मी शिकले त्यांच्याकडेच.

या खोलीची चावी मावशींच्या कमरेला असायची. मावशी म्हणजे शाळेच्या शिपाई, पन्नाशी ओलांडलेल्या, बारीक अंगाच्या. खोलीत शिरताना त्या स्वतः चपला काढायच्या आणि दुसऱ्या कुणाला घालू द्यायच्या नाहीत. एकदा संस्थेचे अध्यक्ष बुटांसकट आत निघाले, तेव्हा मावशी दारात आडव्या उभ्या राहिल्या. "बूट हितं काढा, साहेब. आत मशिनी हायेत." अध्यक्षांनी मुकाट्याने बूट काढले. मुलं आठवडाभर हसत होती, पण त्यानंतर एकही पोर चपला घालून आत आलं नाही.

परीक्षेच्या दोन दिवस आधी, सोमवारी, सर्व्हरच्या आतून टक् टक् असा आवाज यायला लागला आणि दुपारपर्यंत तो मेला. हार्ड डिस्क गेली होती. मंगळवारी क्लासच्या सरांकडून नवी डिस्क आणली. त्यांना स्वतःला यायला जमणार नव्हतं. "मी पहिल्यांदा केलं तेव्हा तू सगळं वहीत उतरवून घेतलंयस. सीडी शाळेत आहेतच. वाचत जा आणि करत जा," ते म्हणाले. "करते की, त्यात काय!" मी म्हटलं. एकटीने कधीच केलं नव्हतं, पण तसं सांगितलं असतं तर माझी काय किंमत राहिली असती?

बुधवारी पावणेआठला मी सर्व्हर उघडला, नवी डिस्क बसवली आणि पहिली सीडी आत सरकवली. संच तीन सीडींचा होता. सगळं मिळून दोन-अडीच तास लागणार होते, आणि साडेअकरा ते दीड आमच्याकडे भारनियमन. शाळेच्या बॅटरीवर सर्व्हर जेमतेम वीस मिनिटं तगायचा. म्हणजे पावणेबाराच्या आत काम संपलं नाही तर मध्येच वीज जाणार, केलेलं सगळं पाण्यात, आणि दीडला पुन्हा पहिल्यापासून. मग दोनला परीक्षा कसली होते?

पहिली सीडी चाळीस मिनिटांत गेली. दुसरीही गेली. पडद्यावर निळी पट्टी सरकत होती आणि मी वहीतल्या एकेका ओळीवर टिकमार्क करत होते. मावशींनी चहा आणून दारातच ठेवला. मला इतकं बरं वाटत होतं की मी गुणगुणत होते.

सव्वानऊला तिसरी सीडी घातली. पट्टी थोडी सरकली आणि थांबली. आतून घर्र घर्र आवाज आला. मग पडद्यावर एक चौकट उमटली, की फाईल वाचता येत नाही, पुन्हा प्रयत्न करा. मी केला. घर्र घर्र, आणि तीच चौकट. पाच वेळा केला. ती फाईल सोडून पुढे जायची सोय नव्हती. दहा यंत्रांना जागं करणारा भाग नेमका त्या तिसऱ्या सीडीवर होता.

सीडी बाहेर काढली, खिडकीशी नेली आणि तिरकी धरली. चकाकत्या बाजूवर बारीक गोल गोल रेघा होत्या आणि एका ठिकाणी पिवळट डाग. डाग हळदीचा होता, आणि तो मीच लावला होता.

दसऱ्याच्या आधी शाळेत सरस्वतीपूजन असतं. पाटीवर एकाचे आकडे मांडून सरस्वती काढतात, तिच्यापुढे वह्या, पुस्तकं, पेटी-तबला, प्रयोगशाळेतला तराजू, असं ज्याचं त्याचं ठेवतात. त्या वर्षी आपलाही विषय तिथे दिसावा म्हणून मी तिन्ही सीडी एकावर एक पाटावर ठेवल्या. वरची होती तिसरी. लिहिलेली बाजू खाली आणि चकाकती वर, कारण समईच्या उजेडात तिच्यावर सात रंग दिसत होते. ओल्या बोटाने तिला हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, शेवंतीचं फूल वाहिलं. दोन दिवसांनी वाळलेलं कुंकू नखाने खरवडलं आणि पदराने तांब्या घासावा तशी ती सीडी गोल गोल घासून पुसली. चकाकत्या बाजूला बोटही लावायचं नाही, हे मी मुलांना पहिल्या तासाला शिकवलं होतं. पण पाटावर ठेवल्यावर ती मला सीडी वाटलीच नाही, देवाची वस्तू वाटली.

एवढ्यात मुख्याध्यापक आले. माणूस वाईट नव्हता, पण परीक्षेच्या दिवशी त्यांचा पारा सकाळपासूनच चढलेला असायचा. त्यांनी सीडी माझ्या हातातून घेऊन उजेडात धरली.

"या रेघा कसल्या?"

मी वळून वही उघडली.

"इथे रोज फडकं कोण मारतं?" असं म्हणून ते दाराकडे वळले. मावशी अनवाणी उभ्या होत्या. "मावशी, तुम्ही पुसल्यात ना या?"

"नाय सर. मी त्या डब्याला हात नाय लावत. बाई सांगतात तेवढाच पुसते."

"मग या रेघा काय आकाशातून पडल्या? कळत नाही तिथे हात कशाला घालता? बत्तीस पोरांचं वर्ष आहे हे!"

मावशींनी माझ्याकडे बघितलं. आजही ती नजर मला नीट आठवते. त्या नजरेत राग नव्हता, आणि म्हणूनच मला ती सहन होईना. मी मनाशी म्हटलं, आधी सीडीचं बघू, मग सगळं सांगून टाकू. भित्रा माणूस कधी 'सांगणार नाही' म्हणत नाही, 'नंतर सांगू' म्हणतो. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती आणि चोर वहीत डोकं घालून बसला होता.

"चावी ठेवा इथे," मुख्याध्यापक म्हणाले. "आजपासून ती बाईंकडे."

मावशींनी कमरेची चावी काढली आणि माझ्या वहीशेजारी ठेवली. आवाजसुद्धा होऊ दिला नाही.

मी ऑफिसात जाऊन महाडला फोन लावला. सरांकडे त्या संचाची दुसरी प्रत होती. "स्टँडवर जाऊन पहिली गाडी मिळेल तिच्या ड्रायव्हरकडे देतो," ते म्हणाले. आमच्याकडे औषधं, चष्मे, लग्नाच्या पत्रिका, सगळं असंच यायचं. कुठली गाडी ते मात्र सांगता येत नव्हतं. महाबळेश्वरची असेल, खेडची असेल, नाहीतर लोकल. तेव्हा वाजले होते पावणेदहा.

"ष्टँडवर मी जाते," मावशी म्हणाल्या आणि निघूनही गेल्या.

सर्व्हर थांबून राहिला. पडद्यावर तीच चौकट आणि तोंड वासल्यासारखा बाहेर आलेला सीडीचा खण. तो बंद करून पुन्हा सुरू करणं म्हणजे दीड तास वाया. म्हणून मी त्याच्यासमोर नुसती बसून राहिले. दहा वाजले. साडेदहा वाजले. व्हरांड्यात मुलं जमायला लागली. पुस्तकातली पानं मोठ्याने घोकत होती. एक मुलगी खिडकीतून म्हणाली, "बाई, होईल ना?" मी तिच्यावर खेकसले, "जा, अभ्यास कर!" ती गेली आणि मला रडू आलं. माझ्या एका हौसेपायी ही पोरं नापास होणार होती. शिवाय दुसऱ्याच कुणाच्या तरी डोक्यावर त्याचं खापर फुटलं होतं, आणि ते फुटू दिलं होतं मी.

पावणेअकरा. अकरा. मी देवाला नवस बोलावा म्हणून हात जोडले आणि तसेच सोडले. देवाच्या पूजेनेच तर हे झालं होतं.

अकरा वाजून आठ मिनिटांनी मावशी आल्या. घामाने चिंब झाल्या होत्या, पायांवर धूळ होती. स्टँडवर आलेल्या एकेका गाडीच्या ड्रायव्हरला त्या विचारत होत्या, आणि सातव्या गाडीत सीडी सापडली होती. कागदी पाकीट त्यांनी दोन्ही बाजूंनी कडेकडेने धरलं होतं.

"घ्या बाई," त्या म्हणाल्या. "आत हात नाय लावला मी."

त्या शब्दांनी मला चपराक बसली. पण वेळ नव्हता. सीडी घातली. पट्टी सरकली. ज्या ठिकाणी अडली होती तिथे आली, क्षणभर थांबली, आणि पुढे गेली. साडेअकराला डोक्यावरचा पंखा मंदावला, बॅटरी टूंऽऽ टूंऽऽ करायला लागली. निळी पट्टी तेव्हा तीन चतुर्थांश झाली होती. मुख्याध्यापक माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. खुर्ची हलत होती. ती त्यांच्या हातांमुळे की माझ्यामुळे ते सांगता येणार नाही. बॅटरीचा आवाज जलद झाला. अकरा सेहेचाळीसला पडद्यावर आलं, की काम पूर्ण झालं, सीडी काढून घ्या. मी सर्व्हर नीट बंद केला, आणि मिनिटभरात बॅटरी बसली.

दीडला वीज आली. दहांपैकी नऊ यंत्रं सुरू झाली. परीक्षकांनी तुकड्या पाडून संध्याकाळपर्यंत बत्तीसही मुलांची परीक्षा घेतली आणि जाताना वर्गाबद्दल चांगलं लिहून दिलं. मुख्याध्यापकांनी सगळ्या शिक्षकांसमोर माझी पाठ थोपटली. तेव्हा सांगता आलं असतं. पण कौतुक गोड लागत होतं, आणि परतीची गाडीही चुकत होती. उद्या सांगू म्हटलं. ते उद्या काही आलं नाही.

चावी माझ्या पर्समध्ये राहायला लागली. सकाळी मी येईपर्यंत मावशी झाडू घेऊन बंद दाराशी उभ्या असायच्या. पूर्वी माझ्या येण्याआधी खोली झाडून, पुसून, खिडक्या उघडून तयार असायची. आता मी दार उघडायची आणि मग त्या आत जायच्या. एका शब्दाने त्यांनी कधी टोचलं नाही. टोचलं असतं तर मी भांडले असते, आणि भांडणात कदाचित खरंही बोलून गेले असते.

असा पुढचा दसरा आला. पाटीवर सरस्वती काढली होती, पेटी-तबला मांडला होता. मी तिन्ही सीडी आणल्या. मावशींनी हळदकुंकवाचं ताट माझ्यापुढे धरलं आणि हळूच म्हणाल्या, "बाई, यंदा कुकू लिवल्या अंगाला लावा. चमकत्या अंगाला सोसत नाय."

माझं बोट हवेतच राहिलं. "मावशी, तुम्हाला माहीत होतं?"

"गेल्या टायमाला ताट मीच धरलं होतं ना."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"बत्तीस पोरं हुती बाहेर," त्या म्हणाल्या. "भांडत बसले असते तर गाडी चुकली असती."

पूजा तशीच टाकून मी मुख्याध्यापकांकडे गेले. सगळं सांगितलं, सीडी, कुंकू, पदर, सगळं. ते आधी गोंधळले आणि मग हसले. "कसली चावी? अहो, मी तर केव्हाच विसरलो होतो! देऊन टाका त्यांना." माझ्या आठ महिन्यांच्या झोपमोडीची त्यांच्या लेखी एवढीच किंमत होती. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

धावत संगणकाच्या खोलीत आले. मावशी आत फरशी पुसत होत्या. मी चावी पुढे केली. "मावशी, सरांना सगळं सांगितलं. ही तुमची. माझं चुकलं."

त्यांनी चावीकडे बघितलं, मग खाली बघितलं, आणि फडकं पिळत म्हणाल्या, "चावी ऱ्हाऊ दे तुमच्याकडं, बाई. आधी चपला काढा."

घाईत मी चपलांसकटच आत आले होते. मी बाहेर गेले आणि त्या काढल्या.