बालवाडीच्या बाईचा धाक

एकोणीसशे पंचावन्नच्या सुमारास दुर्गाबाई चाकणला बालवाडी चालवायला आल्या. तिशीच्या, एकट्या, पुण्यात रीतसर शिकून आलेल्या. पोरांना गाणी शिकवणं हे कामाचं सोपं अंग. अवघड होती ती आयांची सभा. शनिवारी दुपारी मारुतीच्या ओवरीत बायांना जमवायचं आणि पोरांना न मारता, धाक न घालता कसं वाढवायचं ते समजावायचं.

आधी कुणी यायचंच नाही. आल्या तरी निम्मं लक्ष रानात. "उरका बाई, कांदा काढायचा खोळंबलाय." एकीनं तर भर सभेत विचारलं, फुकटचा साबण कधी वाटणार? दुर्गाबाई घसा फोडून सांगायच्या, "पोराला बागुलबुवाची भीती घालू नका. भ्यालेलं पोर गप्प बसतं, शहाणं होत नाही." बाया माना डोलवायच्या आणि पदर झटकून उठायच्या.

सगळ्यांत जोरात मान डोलवायची छबूबाई. तिचा नवरा भिमाजी पिंपरीला औषधांच्या नव्या कारखान्यात लागला होता, आठवड्यानं घरी यायचा. शेत, म्हैस, आजारी सासरा आणि चार वर्षांची इंद्रायणी, सगळं हिच्या एकटीच्या गळ्यात.

थंडी सरता सरता ही इंद्रायणी बालवाडीच्या दारातच अंग टाकायला लागली. दुर्गाबाई जवळ गेल्या की तिचा परकर ओला व्हायचा. गूळ दिला तर घेईना, मांडीवर घ्यायला गेल्या तर किंचाळली. शेवटी वैतागून त्या छबूबाईच्या घरी निघाल्या. अंगणातच त्यांच्या कानावर पडलं,

"जेवतीस का बोलवू बालवाडीच्या बाईला? सुई हाय तिच्याकडं. ओठ शिवती ती!"

दुर्गाबाई जागच्या जागी थिजल्या.

"छबूबाई! अहो, बागुलबुवा नको म्हणून किती वेळा सांगितलं तुम्हाला!"

"मग? म्या कुठं त्याचं नाव घेतलं?" छबूबाई भाबडेपणानं म्हणाली. "तुमचंच घेतलं. बागुलबुवाला आता पोरगी भीत न्हाई."

दुर्गाबाईंचा तोल सुटला. इतक्या शनिवारांचं साचलेलं सगळं बाहेर आलं. "मी काय दगडांपुढे बोलते का? डोकं फोडून घ्यायची वेळ आणलीत माझ्यावर!" छबूबाईही काही कमी नव्हती. शेजारपाजार गोळा झाला. त्या कलकलाटात इंद्रायणी कधी निसटली, कुणालाच कळलं नाही.

आधी विहीर पाहिली. छबूबाई काठावर ओणवी होऊन आत हाका मारत राहिली. मग ओढा, मग गोठा. अखेर खळ्यातल्या कांद्याच्या ढिगामागे, गोणपाटाखाली परकराचं टोक दिसलं.

"इंदू, ये बाळ," दुर्गाबाई हळूच म्हणाल्या. गोणपाट आणखीच आत सरकलं. आपल्या नुसत्या आवाजानं पोर आक्रसतंय हे पाहून त्या मुकाट्यानं मागे झाल्या.

छबूबाई पुढे धावली. "भाईर ये आधी! न्हाईतर तंगडीच..."

दुर्गाबाईंनी तिचं मनगट धरलं. "धमकी नको."

"मग बोलू काय?" छबूबाईचा आवाज फाटला. "दुसरं काय बोलायचं असतं?"

दुर्गाबाईंच्या ओठांवर पुन्हा राग आला होता. पण त्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहून तो त्यांनी गिळला. तिला खरोखरच दुसरं काही येत नव्हतं.

"विहिरीत वाकून बघताना काय वाटलं, ते सांगा तिला."

छबूबाई ढिगाशी फतकल मारून बसली. पदरानं तोंड पुसलं तिनं. मग म्हणाली, "इंदे, म्या लय भ्याले गं. हातपाय गळालं माझं. तू कुठंच दिसंनास..." आणि ती रडायला लागली.

गोणपाट हललं. इंद्रायणी रांगत बाहेर आली आणि कांद्यानं माखलेल्या हातांनी आईचे डोळे पुसायला लागली. डोळे जास्तच झोंबले, पण छबूबाईनं ते हात बाजूला केले नाहीत.

दुर्गाबाईंच्या शेजारी बसायला इंद्रायणीला पुढचा पावसाळा उजाडला. छबूबाईची जीभ अजून घसरायची, मग ती स्वतःच थबकायची. मात्र सभेला ती आता शेजारणींना हाताला धरून आणायची. अशाच एका शनिवारी तिच्या शेजारणीनं, यशोदाबाईनं, तोंड उघडलं.

"बाई, मार नको, धाक नको. मग पोरगं भर बाजारात लोळाय लागलं, तर आमी करायचं काय?"

दुर्गाबाईंनी शिकलेलं सगळं मनात चाळून पाहिलं. चाकणच्या बाजारात चालेल असं त्यात काहीच सापडेना.

"मलाही नाही माहीत," त्या चिडून म्हणाल्या. "तुम्हीच सांगा."

बाया आपापला उपाय सांगत एकमेकींशी भांडायला लागल्या. ऊन उतरलं तरी एकही घरी जायला उठली नाही.