होणाऱ्या सासऱ्यांचं विमान

हातातला चहा आधी खाली ठेवा. नंतर अंगावर सांडला तर मला बोलू नका!

लग्न जमवताना माणसं नाही नाही ते घोळ घालतात. कुणी पोह्यांची बशी पालथी घालतं, कुणी मुलीच्या आईलाच मुलीची बहीण समजतं. पण होणाऱ्या सासऱ्याला आभाळातून खाली पाडणारा माणूस अख्ख्या सातारा-सांगलीत मी एकटाच असणार.

दचकू नका, माणूस धडधाकट आहे. ऐका तरी!

मी मूळचा म्हसवडचा, नोकरीला शिरवळला. पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कंपनीत तयार माल तपासायचा आणि त्यातली चूक शोधायची, हे माझं काम. त्यामुळं जगाच्या चुका काढायची सवयच लागलेली. आणि नाद एकच, कॉम्प्युटरवर विमानांच्या लढाईचा ऑनलाइन गेम.

या गेममध्ये सोपा मोड असतो. माऊस फिरवला की विमान वळतं, आणि प्रत्येक विमानाच्या डोक्यावर नाव तरंगत असतं. आपल्याचं निळं, शत्रूचं लाल. शेंबडं पोरगंसुद्धा खेळेल! दुसरा रिअल मोड. तिथं इंजिन आपणच सुरू करायचं, तापलं तर आपणच थंड करायचं. जरा जोरात वळलात की विमान धोंड्यासारखं खाली. आणि नावं? छे! खऱ्या आभाळात कुणाच्या डोक्यावर पाटी असते का? पंखांचा आकार बघून आपलं कोण, परकं कोण ते ओळखायचं. या दोन्हींच्या मध्येही एक मोड आहे, पण त्याला कोण विचारतो? मी रिअलवाला. सोप्या मोडवाल्यांना मी माणसात धरत नव्हतो.

तर कडेगावला मुलगी बघायला गेलो. मुलीचं नाव स्नेहल. वडील फौजेतून सुभेदार होऊन रिटायर झालेले, आता ऊस आणि निवांतपणा. बघतो तर काय, बैठकीच्या कोपऱ्यात कॉम्प्युटर आणि त्यावर माझाच गेम!

"पावनं, तुमी बी खेळता व्हय?" मुलीचे वडील, म्हणजे आमचे होणारे मामा, खूश झाले.

"खेळतो की! तुम्ही कुठल्या मोडला?"

"सोप्या. गुडघं गेलं, डोळं निम्मं गेलं. आता इंजिन कुठं तापवत बसू?"

शहाण्या माणसानं काय म्हणावं? "बरोबर आहे मामा." एवढंच. पण मी म्हणालो, "मामा, ते बारक्या पोरांचं. लढाई कशी खरी वाटायला पाहिजे!"

ऐकलंत? उभी हयात फौजेत काढलेल्या माणसाला मी, पुठ्ठ्याचे खोके तपासणारा, खरी लढाई शिकवत होतो! शेजारून आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी मुलीकडच्यांना भावनेचं वाटलं असणार.

तेवढ्यात स्नेहल बोलली. "खरी वाटायला पायजे, पर खेळता बी आलं पायजे की! मानूस इंजिनच चालू करत बसला तर लढनार कवा?"

"त्याला सराव लागतो," मी ऐटीत म्हणालो.

मामांनी मिशीवरून हात फिरवला. "आसं करू. येत्या रविवारी दुपारी एका पार्टीत खेळू. तुमच्या रिअलमधी. मग बोलू पुढचं."

पुढचं म्हणजे लग्नाचं. आता बोला!

रविवारी मी शिरवळच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसलो. तिकडं कडेगावात मामा खुर्चीवर आणि स्नेहल शेजारी. निम्मा वेळ मामांचं इंजिनच सुरू होईना. मी इकडून सूचनांवर सूचना. शेवटी "झालं गं चालू!" असा आवाज आला आणि मामा उडाले.

"माझ्या मागोमाग या मामा," म्हणालो आणि ऐटीत ढगात शिरलो. बाहेर आलो तर मामा गायब.

आणि खाली एक विमान एकटंच चाललेलं! पंखांची टोकं गोल. गोल टोकं म्हणजे शत्रू! आता, गोल टोकांचं एक विमान आमच्या बाजूलाही मिळतं, हे मला ठाऊक होतं. पण ते कोण घेतंय, म्हणून सोडून दिलं. पडलो त्याच्या मागं.

इतक्यात कानात मामा ओरडले, "पावनं! माझ्या मागं कुनीतरी लागलंय!"

"घाबरू नका मामा! मलाही एक घावलाय. ह्याला उडवतो आणि आलोच!"

"बिगी बिगी या. लय चिवट हाय. मी डावीकडं वळतो!"

"वळा! आयला, हा पण डावीकडंच वळला."

"आरं, सोडंना की गड्या! आता नदीकडं घेतो."

"घ्या घ्या! माझाही नदीकडंच पळतोय. लई भित्रा दिसतोय!"

"तुमचा भित्रा आसंल. माझा मातुर एक नंबरचा हलकट हाय. पाठीमागनं येतोय!"

"हलकटाला बघतोच मी मामा! एवढं एक मिनिट!"

मधूनच स्नेहलचा आवाज आला, "आवं, जरा थांबा. तुमी दोगं बी एकाच..."

"आता मध्ये बोलू नका!" मी तिच्यावर खेकसलो आणि बटण दाबलं.

धडाड्!

"पाडला!" मी ओरडलो.

"पडलो!" मामा ओरडले.

दोन्ही आवाज एकदमच. स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत आलं, की तुम्ही आपल्याच साथीदाराला पाडलंय. खाली मामांचं नाव. रिअल मोडमध्ये ते नाव दिसायची वेळ ही अशी असते!

 मी हेडफोन काढायला हात वर नेला. मग मामांचा शांत आवाज, "पावनं, तुमचं काम उरकलं आसंल, तर मला वाचवायला येताय न्हवं?"

आमच्या दादांना कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "तुला सोयरीक जमवायला धाडलं हुतं का लढाईवर?" दुसऱ्याच दिवशी पेढे घेऊन मला कडेगावला नेलं. मी मान खाली घालून बसलो.

मामा गंभीर. "फौजेत एवढी वर्सं काढली. शत्रूची गोळी कवा अंगाला लागू दिली न्हाई. आन जावयानं पयल्याच रविवारी..."

जावई म्हणाले! मी मान वर केली. मामांची मिशी हसून हलत होती.

"माजी एक अट हाय," स्नेहल म्हणाली. "हितनं फुडं मधला मोड. इंजिन खरं, वळनं खरं, पडनं बी खरं. पर जवळ गेल्यावर आपल्या मानसाचं नाव दिसलं पायजे. तेवढ्यानं लढाई खोटी हुत न्हाई, घरचं मानूस तेवढं वाचतं."

या वाक्यातली चूक शोधायचा मी प्रयत्न केला. सापडली नाही. सुपारी फुटली.

पण मामा गप्प बसतात होय? साऱ्या भावकीला सांगून ठेवलेलं! लग्नात स्टेजवर जो येईल तो आधी दोन्ही हात वर करायचा. "पावनं, मी स्नेहलचा धाकटा चुलता. आपल्याच पार्टीतला हाय बरं!" मावशी म्हणाली, "मी मावशी हाय. गोळी घालू नगा, बाबा!" सगळा मांडव खिदळतोय आणि मी मुंडावळ्यांच्या आड लपतोय.

तेवढ्यात एक फेटेवाले म्हातारबाबा स्टेजवर चढले. झुपकेदार मिशी, चेहरा कडक. हात वर नाहीत, नाव सांगणं नाही. नुसते माझ्याकडं रोखून बघत उभे. मी मनात म्हटलं, फेटा मामांसारखाच, मिशी मामांसारखीच. हे नक्की मामांचे थोरले बंधू! यांना नाव विचारणं म्हणजे अपमान. आज दाखवूनच देऊ, की आम्हालाही माणसं ओळखता येतात.

सरळ वाकलो, त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मोठ्यानं म्हणालो, "थोरले मामा, आशीर्वाद द्या!"

म्हातारबाबा दोन पावलं मागं सरकले.

"आवं उठा, उठा! मी मांडववाला हाय. माइकच्या वायरीवर हुबं हाय तुमी, तेवढं सरका!"