दोघींच्या अंगात आलं

नेरला सासरी महालक्ष्म्या बसतात. मी यवतमाळला नोकरीला, पण सणाला सुट्टी टाकून आधीच हजर व्हायचं. सोळा भाज्या, आंबील, पुरण, सगळं सोवळ्यात. नैवेद्य होऊन पाहुणे जेवल्याशिवाय घरच्या बायकांनी तोंडात काही घालायचं नाही, ही पद्धत.

गेल्या वर्षी सकाळी शुगरची गोळी घेतली आणि उपाशीपोटीच पुरण वाटायला बसले. दुपारी हातपाय थरथरायला लागले, घामाने चिंब झाले, तोंडातून भलतंच काहीतरी निघायला लागलं. आणि घरच्यांनी काय करावं? डॉक्टर? छे! आत्यासासू ओरडल्या, "अवं, सुनेच्या अंगात आलं!" झालं. कपाळावर मळवट, मांडीत ओटी, धडाधड लोक पाया पडायला लागले. सासूबाईंनी हात जोडून विचारलं, "माय, काय पाह्यजे तुले?"

मी कशीबशी म्हणाले, "खायले द्या."

तेव्हा कुठे पुरणाचं ताट आलं. लोक देवी समजले म्हणून वाचले, सून म्हणून गेलेच असते! आजही आठवलं की डोकं सणकतं. डॉक्टरांनी नंतर चांगलंच झापलं, पुन्हा असं केलं तर जिवावर बेतेल म्हणाले. तेव्हाच ठरवलं, पद्धतीपायी मरायचं नाही.

यंदा सणाच्या सकाळी गोळी घेतली, स्वतःपुरता वेगळा वरणभात लावला आणि सगळ्यांसमोर ताट घेऊन बसले.

"नैवेद्याच्या आधी?" आत्यासासू कडाडल्या. नवरा दारात मुंडी खाली घालून उभा.

"आत्याबाई, गेल्या वर्षी तुम्ही मलेच नैवेद्य दाखवला ना? यंदा जरा लवकर दाखवा." माझा आवाज चढला होता आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

त्या फणकाऱ्याने बाहेर गेल्या, मागोमाग नवराही. मग सासूबाई हळूच जवळ आल्या. त्यांनाही शुगर, माझ्या कितीतरी आधीपासून.

"उपाशीपोटी गोळीनं तुले झालं तसंच होते," त्या म्हणाल्या, "म्हणून मी सणावाराले गोळीच घेत नाही. दिवसभर गरगरते मंग. पण सांगू कोणाले?"

घास हातातच राहिला. उपाशी राबवते म्हणून इतकी वर्षं मी या बाईवर चिडत होते. राग आताही आला, पण त्यांचा नाही.

मी दुसरं ताट वाढलं. "गोळी कुठं हाय तुमची?"

"देव्हाऱ्यामागं."

"आणा. अन् बसा इथं."

त्या गोळी घेऊन आल्या, बसल्या, पण डोळे दाराकडेच. "कोणी आलं तर?"

"सांगू, यंदा दोघींच्या अंगात आलं. जेवा."